रुग्णालयातली फायर लिफ्ट: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

रुग्णालयात लिफ्टच्या दाराशेजारी लाल अक्षरांत पाटी असते: ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये’. भेटायला आलेल्या नातेवाइकासाठी आणि ओपीडीच्या रांगेतल्या माणसासाठी ती बरोबरच आहे. पण सहाव्या मजल्यावर व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटला ती जिना दाखवते, आणि आयसीयूचा बेड जिन्यावरून उतरत नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये या पाटीच्या मजकुरात ‘वेगळी सूचना दिली नसल्यास’ अशी सवलत आहे. पाटी रंगवताना नेमके तेवढेच गळते. ती वेगळी सूचना कोण देणार, कोणत्या लिफ्टबाबत देणार आणि ती लिफ्ट त्या कामाला लायक आहे हे कोणाच्या सहीने ठरणार, याची ही माहिती महाराष्ट्रातल्या रुग्णालयांसाठी आहे.

साधी लिफ्ट आगीत का चालत नाही

लिफ्टचा डक्ट, म्हणजे ती ज्यातून वरखाली होते ती उभी पोकळी, हे इमारतीतले सर्वांत उंच धुराडे. खाली आग लागली की गरम धूर त्यातून वर चढतो आणि वरच्या मजल्यांवर दारांच्या फटींतून बाहेर पडतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग तळघरात लागली, पण नव्वदच्या आसपास बळी गेले ते मुख्यतः वरच्या मजल्यांवर पोचलेल्या धुराने. धूर वर नेणाऱ्या उभ्या पोकळ्यांत लिफ्टचा डक्ट मोडतोच.

बाकीची कारणे लिफ्टच्या आतली आहेत. दाराचा सेन्सर प्रकाशाच्या किरणावर चालतो. धूर मध्ये आला की त्याला वाटते माणूस उभा आहे, आणि दार मिटत नाही. उष्णतेने बाहेरचे बटण शॉर्ट झाले तर लिफ्ट आपणहून आगीच्याच मजल्यावर जाऊन दार उघडते. आग विझवण्याच्या नळीचे पाणी पिटमध्ये, म्हणजे डक्टच्या तळाच्या खड्ड्यात, उतरले की तिथले स्विच जातात. वीज गेली तर एआरडी, म्हणजे बॅटरीवरचे सुटकेचे यंत्र, लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेते. रोजच्या लोडशेडिंगमध्ये हे वरदान. आगीत मात्र जवळचा मजला जळणारा असू शकतो, आणि एआरडीला ते कळत नाही.

कोणती लिफ्ट पात्र ठरते

१५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला फायर लिफ्ट, म्हणजे आगीत अग्निशमन जवानांना वापरता येईल अशी लिफ्ट, लागते. कोडप्रमाणे ती किमान ८ माणसांची, म्हणजे ५४५ किलोची असावी आणि तळमजल्यावरून सर्वांत वरच्या मजल्यावर एका मिनिटात पोचावी. डक्टच्या भिंती दोन तास आग सोसणाऱ्या असाव्यात, दार सरळ भरीव असावे, जाळीचे सरकते दार चालत नाही. कारच्या, म्हणजे लिफ्टच्या खोलीच्या, छतात सुटकेची झडप, कंट्रोल रूमशी बोलायला इंटरकॉम आणि प्रत्येक मजल्याच्या दारावर चमकत्या रंगात ‘फायर लिफ्ट’ ही अक्षरे हवीत. वीज गेल्यावर पर्यायी पुरवठा आपोआप जोडला गेला पाहिजे.

घोळ होतो तो आकारात. आठ माणसांच्या कारमध्ये बेड मावत नाही. कागदावर फायर लिफ्ट आहे, नाहरकत मिळाली आहे, आणि तिच्यातून एकही झोपलेला पेशंट खाली येऊ शकत नाही, अशी रुग्णालये आहेत. भारतीय मानकात (आयएस १४६६५) रुग्णालयाच्या लिफ्टची मापे वेगळी दिली आहेत. १५ माणसांची, १०२० किलोची कार आतून १००० बाय २४०० मिलिमीटर असते आणि दार ८०० मिलिमीटरचे. त्यातून स्ट्रेचर जाते, रेलिंगसह आयसीयू बेड नाही. २० माणसांची, १३६० किलोची कार १३०० बाय २४०० आणि दार १२०० मिलिमीटरचे. बेड, मॉनिटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबणारी सिस्टर एवढे सगळे आत घ्यायचे तर हीच लहानात लहान कामाची लिफ्ट. त्यामुळे नकाशा मंजुरीच्या वेळीच आर्किटेक्टला स्पष्ट सांगावे: निदान एक बेड लिफ्ट फायर लिफ्टच्या सर्व अटी पूर्ण करणारी हवी. इमारत उभी राहिल्यावर डक्ट रुंद होत नाही.

जुन्या लिफ्टचे रूपांतर करता येते, पण नुसता बोर्ड लावून नाही. सर्वांत महाग काम केबलचे. फायर लिफ्टचा वीजपुरवठा इमारतीच्या मेन ब्रेकरच्या आधीच्या बाजूने स्वतंत्र घ्यावा लागतो. आग लागली की पहिल्या काही मिनिटांत कोणीतरी मेन पाडतोच, आणि ते योग्यही आहे. फायर लिफ्टची लाइन त्याच ब्रेकरच्या पुढे असेल तर तीही तिथेच बंद पडते.

परवानगी दोन खात्यांची

लिफ्ट हे यंत्र म्हणून विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या लिफ्ट शाखेकडे येते. १९३९ च्या जुन्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा कायदा केला. टप्पे दोन: लिफ्ट उभारण्याआधी परवानगी आणि चालू करण्याआधी परवाना. सरकारी कागदांवर लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. संकेतस्थळावर शोधताना हा शब्द टाकला तर काम लवकर होते. अर्ज मालकाच्या नावाने जातो, पण भरतो सहसा लिफ्ट बसवणारा ठेकेदार. म्हणून परवान्यावर ‘पॅसेंजर’ लिहिले आहे की ‘हॉस्पिटल’, आणि भार किती, हे प्रशासनाने स्वतः वाचावे.

दुसरे खाते अग्निशमनाचे. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आणि त्याचे २००९ चे नियम इथे लागू होतात. महापालिका हद्दीत मुख्य अग्निशमन अधिकारी, एमआयडीसीत त्यांचा स्वतःचा अग्निशमन विभाग आणि इतरत्र महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या रचनेप्रमाणे अधिकारी, असा हा मामला आहे. बांधकाम परवानगीआधी तात्पुरती नाहरकत आणि भोगवटा दाखल्याआधी अंतिम नाहरकत घ्यायची.

ही दोन खाती एकमेकांचे काम तपासत नाहीत. लिफ्ट निरीक्षक दोर, ब्रेक, वेग आवरणारा गव्हर्नर, दार उघडे असताना लिफ्ट हलू न देणारे इंटरलॉक पाहतो. अग्निशमन अधिकारी फायर लिफ्टची जागा, दार, लॉबी पाहतो. फायर अलार्मच्या पॅनलमधून निघालेला सिग्नल लिफ्टच्या कंट्रोलरपर्यंत खरोखर पोचतो का, हा सांधा मधल्या मध्ये राहतो. पॅनल एका कंपनीचे, लिफ्ट दुसरीची. दोघांच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, ‘इंटरफेस आमच्या कक्षेत नाही’ असे एक वाक्य हमखास सापडते. दोन्ही करारांत संयुक्त चाचणीचे कलम घालून घ्यावे, तेही नूतनीकरणाच्या वेळी. नंतर कोणी ऐकत नाही.

अर्जासोबत काय जोडायचे

अंतिम नाहरकतीच्या अर्जासोबत सहसा ही कागदपत्रे मागतात:

– मंजूर नकाशे, प्रत्येक मजल्यावर जिने, फायर लिफ्ट, आगरोधक दारे आणि हायड्रंट (आग विझवण्याच्या पाण्याचे नळ) दाखवलेले
– तात्पुरत्या नाहरकतीची प्रत आणि तिच्यातल्या प्रत्येक अटीपुढे पूर्ततेचा शेरा
– परवानाधारक एजन्सीचा ‘ए फॉर्म’, म्हणजे यंत्रणा बसवल्याचे प्रमाणपत्र
– लिफ्टचा परवाना आणि ताजा तपासणी अहवाल
– जनरेटर व विद्युत यंत्रणेचे तपासणी कागद
– मालकीचा पुरावा किंवा भाडेकरार
– शुल्क भरल्याची पावती

भाड्याच्या जागेतल्या रुग्णालयांनी कायद्याची रचना नीट समजून घ्यावी. पहिली जबाबदारी मालकाची, पण मालक सापडत नसेल तर भोगवटादाराची. ‘लिफ्ट सोसायटीची आहे’ हे उत्तर अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. करारात फायर लिफ्टची देखभाल, केबल बदलण्याची परवानगी आणि ए फॉर्मवर कोणाची सही, हे तीन मुद्दे लिहून घ्यावेत.

नंतर दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत ‘बी फॉर्म’ द्यायचा. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे हे सहामाही प्रमाणपत्र अग्निशमन सेवा संचालकांचा परवाना असलेली एजन्सीच देऊ शकते. एजन्सीच्या परवान्याची मुदत आणि वर्ग सही घेण्याआधी पाहावा. मुदत संपलेल्या एजन्सीचा बी फॉर्म म्हणजे नुसता लेटरहेड. नर्सिंग होम नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी असते. महापालिकेत ते आरोग्य विभागाकडे आणि बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे होते, आणि तिथेही अग्निशमनाचे कागद लागतात. नोंदणीच्या फॉर्मनाही अशीच अक्षरांची नावे असल्याने कारकुनाला ‘बी फॉर्म आणा’ म्हणताना कोणत्या कायद्याचा ते सांगावे. चुकीचा फॉर्म घेऊन परत आलेली माणसे कमी नाहीत.

बी फॉर्मवर सही घेण्याआधीची चाचणी

तळमजल्यावर फायर लिफ्टशेजारी काचेची पेटी असते, आत टॉगल स्विच. पहिली पायरी: पेटी दिसते का? तिच्यासमोर फ्लेक्स, कुंडी किंवा व्हीलचेअरची रांग असते, कधी काचेवरच रंग मारलेला असतो.

दुपारच्या भेटीच्या वेळा संपल्यावर, लिफ्ट कंपनीचा तंत्रज्ञ समोर असताना स्विच टाका. लिफ्ट जिथे असेल तिथून मधे न थांबता तळमजल्यावर यावी आणि दार उघडून उभी राहावी. आता तिसऱ्या मजल्यावर उभ्या माणसाला बटण दाबायला सांगा. दिवा लागला तरी लिफ्ट हलता कामा नये. मग आत जाऊन मजल्याचे बटण दाबा. जवानांच्या नियंत्रणात दार बटण दाबून धरले तरच उघडते आणि पूर्ण उघडण्याआधी बोट काढले तर परत मिटते. बिघाड समजून तंत्रज्ञ कधी कधी हे बदलून टाकतो. खरे तर दार चार बोटे उघडून पलीकडे धूर आहे का हे बघता यावे म्हणून ते तसे असते.

दुसरी चाचणी विजेची. स्विच टाकलेल्या अवस्थेत मेन पाडा. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद जातात आणि तेवढ्यात एआरडी जागी होते. दोघांत कोण जिंकते ते बघा. लिफ्टने जनरेटरची वाट पाहून चालकाच्या ताब्यातच राहायला हवे. ती भलत्याच मजल्यावर जाऊन दार उघडत असेल तर कंट्रोलरची सेटिंग बदलून घ्या आणि चाचणी परत करा.

तिसरी चाचणी डिटेक्टरची. तळमजल्याच्या लॉबीतला स्मोक डिटेक्टर चाचणीच्या स्प्रेने वाजवा. आग तळमजल्यावरच असेल तर बाकीच्या लिफ्ट तिथे येऊन उपयोग नाही. त्यांना दुसरा मजला नेमून दिलेला हवा. आणि लॉबीत बादलीभर पाणी ओतून पाहा, ते डक्टकडे जाते की उलट. उतार डक्टपासून बाहेर हवा, पण उंबरठा उंच करून नव्हे. बेडचे पुढचे चाक दीड सेंटिमीटरच्या उंबरठ्यावर अडते आणि सलाइनचा स्टँड पुढे कोसळतो.

निकाल तारीख, वेळ आणि दोन्ही तंत्रज्ञांच्या सह्यांसह रजिस्टरमध्ये लिहा. तपासणीला आलेला अधिकारी बी फॉर्मपेक्षा हे रजिस्टर जास्त लक्षपूर्वक वाचतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

सुटकेचा आराखडा: कोण, कोणत्या क्रमाने

आगीत फायर लिफ्ट अग्निशमन जवानांच्या ताब्यात असते, कोड तसेच सांगतो. म्हणून आराखड्यात ‘स्टाफने लिफ्टने पेशंट उतरवावेत’ असे सरसकट लिहिले तर तो अधिकाऱ्याकडून परत येतो. लिहायचे असे: पहिली हालचाल आडवी, त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडच्या भागात. चालणारे पेशंट जिन्याने. चादरीवर किंवा इव्हॅक्युएशन खुर्चीवर नेता येतील ते जिन्याने, माणसे मोजून. उरलेले, म्हणजे व्हेंटिलेटरवरचे, ट्रॅक्शनमधले (हाडासाठी वजन लावून पाय ताणून ठेवलेले), नुकतेच ऑपरेशन झालेले, धूर नसलेल्या लॉबीत थांबून अग्निशमन अधिकाऱ्याच्या सूचनेने फायर लिफ्टने. रात्रपाळीत लिफ्टजवळ राहायला नेमलेल्या माणसाचे पद लिहा, नाव नको. नावे रजेवर जातात.

ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शनात बेडसाठीच्या सुटकेच्या लिफ्टचा वेगळा भागच आहे. आपल्याकडे तसे नाही, म्हणून आराखडा तपशिलात लिहावा लागतो.

वेळेचे गणित जोडा. समजा बेड आत घेणे, खाली जाणे, बाहेर काढणे आणि परत येणे यात चार मिनिटे गेली, तर बारा पेशंटना ४८ मिनिटे. तेवढा वेळ लॉबी धुराविना राहील का, हा प्रश्न अधिकारी विचारतोच. ऑक्सिजनही तसाच मोजा. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटरच्या पेशंटला तो अडीच तास पुरतो, हाय फ्लोवर ६० लिटर घेणाऱ्याला २५ मिनिटे. दुसऱ्या पेशंटचा नंबर लिफ्टच्या रांगेत आधी लागतो, हे आयसीयूच्या आरएमओने (निवासी डॉक्टरने) आराखड्यात लिहून सही करावी.

एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मानांकन असेल तर वर्षातून किमान दोन मॉकड्रिल लागतात. त्यातली एक रात्री घ्या आणि बेडवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती ठेवा. रिकामा बेड कोणत्याही लिफ्टमध्ये सहज वळतो.

आग विझल्यावर लिफ्ट लगेच चालू करू नये. पिटमधले पाणी, दोरांवरची काजळी आणि दारांची तपासणी होऊन लिफ्ट कंपनीचा लेखी अहवाल आणि विद्युत निरीक्षकांकडे दिलेल्या माहितीची पोच हातात येईपर्यंत स्विच बंद ठेवून त्यावर कुलूप लावावे. चावी कंट्रोल रूममध्ये, आणि पोचेची प्रत पुढच्या बी फॉर्मला जोडावी.