माठातला वाळा आणि पिंपातले हॉप्स

बायकोचा धाकटा भाऊ पोर्टलंडला असतो, अमेरिकेत, ऑरेगॉनमधे. यंदा त्याने तिकडे गॅरेजमधे पहिल्यांदा ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे वीस लिटर बिअर आंबून होत आली तेव्हा त्यात पन्नासेक ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) न उकळता तसेच टाकले, तीन दिवस ठेवले आणि मग बाटल्या भरल्या. मे महिन्यात ठाण्याला आला तेव्हा उरलेलं पाकीट आमच्या वाघबीळच्या घरी घेऊन आला. हॉप्स दाबून केलेल्या हिरव्या पेलेट, दिसायला थेट बकरीच्या लेंड्या. आईने हुंगून बघितलं, म्हणाली मोसंब्याच्या सालीसारखं येतंय, पण उकळत का नाही रे हे? तो म्हणाला काकू, उकळलं की कडू होतं आणि वास उडून जातो. "मग सरळ सांग ना, माठात वाळा टाकतो तसं."

इतकं सोपं करून मला अजून कोणी सांगितलं नव्हतं. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि त्यातून बिअरचा कडवटपणा येतो, पण वासाची तेलं तेवढ्यात वाफेबरोबर निघून जातात. थंडात टाकलं तर उलटं, कडूपणा फारसा नाही आणि वास सगळा उतरतो.

गंमत अशी की ही सगळी भानगड सुरू झाली ती वासासाठी नाहीच, टिकण्यासाठी. हॉप्स ही भांगेच्याच कुळातली वेल (हे ऐकून आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता). बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीने लिहून ठेवलंय की याने पेय नासत नाही. १५१६ च्या बव्हेरियाच्या फर्मानात तर बिअरमधे जव, हॉप्स आणि पाणी, बस एवढंच. न नासण्याचं कारण साधं आहे, दही लावणारे जे लॅक्टोबॅसिलस असतात त्यांच्या जातभाईंनीच बिअर आंबट होते आणि हॉप्स त्यांना वाढू देत नाहीत.

इंग्लंडमधे हॉप्स पोचले पंधराव्या शतकात, फ्लँडर्सकडून, म्हणजे आताच्या बेल्जियमकडून. पुढे तिथले लोक लाकडी पिंपात बिअर भरली की वरून मूठभर सुके हॉप्स टाकायला लागले, ड्राय हॉपिंग म्हणतात ते हेच. आणि इथे आपली मुंबई येते. इंग्लंडहून जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून यायचं, चार ते सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, तळातली पिंपं तापायची. म्हणून १७६० च्या दशकातच तिकडे सल्ला दिला जायचा की गरम देशात जाणाऱ्या बिअरला हॉप्स जास्त घाला. लंडनच्या बो भागातल्या हॉजसन या ब्रुअरची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून इकडे यायची, १८२० नंतर इंग्लंडमधल्याच बर्टन गावचा ब्रुअर ऑलसॉप त्याच्यासमोर उतरला. हॉजसनने खास हिंदुस्थानसाठी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, शोधून काढली ही गोष्ट प्रत्येक टॅपरूममधे ऐकवतात, मला ती पटत नाही, कारण त्याची जास्त हॉप्सवाली, ऑक्टोबरात बनवून मुरवायची ऑक्टोबर बिअर तिकडे आधीपासून होतीच, प्रवासात ती मुरली आणि लोकांना आवडली एवढंच, शिवाय सैनिकांसाठी काळी पोर्टरही ढिगाने यायची.

मला यात सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे १८९३. पिंपात हॉप्स टाकले की झोपलेली बिअर परत फसफसायला लागते हे ब्रुअर्सना दिसत होतं, ब्राउन आणि मॉरिस या दोघा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी त्या साली दाखवलं की हॉप्समधेच थोडं डायस्टेस नावाचं एन्झाइम असतं, ते उरलेल्या पिष्टाची साखर करतं आणि यीस्टला परत खायला मिळतं. आता याला हॉप क्रीप म्हणतात. मेव्हण्याच्या दोन बाटल्या उघडल्या तेव्हा छतापर्यंत उडाल्या त्या बहुतेक यामुळेच, आणि तो बिचारा महिनाभर झाकणाच्या मशीनला शिव्या घालत होता.

वासासाठी म्हणून हॉप्स टाकायचं वेड खरं वाढलं ते अमेरिकेत. कॅस्केड नावाचं वाण, मोसंब्याच्या वासाचं, ऑरेगॉनमधेच तयार झालं आणि १९७२ ला बाजारात आलं. १९७५ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एल नावाची बिअर त्यानेच ड्राय हॉप केली, १९७८ मधे अमेरिकेच्या अध्यक्ष कार्टरने घरगुती बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली, मग काय, गॅरेजं सुरू.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरात बिअर लावणं गुन्हा, त्यामुळे वाघबीळमधे तो प्रयोग नाही. पण पाकीट तर होतं, म्हणून मी शहाणपणा करून सोड्याच्या भरलेल्या बाटलीत चार पेलेट टाकल्या. गॅस त्या पेलेटवर जो काय फुटला, अर्धा सोडा ओट्यावर आणि हिरवा चोथा टाइल्सवर. मेव्हणा म्हणे दाजी, हा पण हॉप क्रीपच का! आईने फडकं माझ्या हातात दिलं. मग तिनेच मलमलच्या तुकड्यात बांधून पेलेट साध्या पाण्यात सोडल्या, वाळ्यासारख्याच, रात्रभर फ्रीजमधे ठेवल्या आणि सकाळी ते पाणी अर्धा ग्लास घेऊन वर हळूच सोडा ओतला.