पाकिटावरचं नाव

२०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ब्रन्सविक गावच्या सेंट अँब्रोज चर्चला बांधकाम ठेकेदाराचा फोन आला : दोन महिन्यांचे पैसे का थकवलेत? चर्चचं नूतनीकरण सुरू होतं आणि कार्यालयाच्या हिशेबी पैसे केव्हाच गेले होते. गेले होते खरे, पण भलत्याच खात्यात. सुमारे साडेसतरा लाख डॉलर! तपासात कळलं, की दोन कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती चोरांच्या हाती लागली होती आणि ठेकेदारानं बँक बदलली आहे, असं चोरांनी बेमालूम पटवून दिलं होतं.

इथे खातीच चोरली होती, पण खातं न चोरताही दुसऱ्याच्या नावानं मेल पाठवता येतो. हे जमतं कसं? ई-मेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालतो, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. तेव्हा या जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्थांतली मोजकी मंडळी होती. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहा, पोस्टमन विचारत नाही, तसंच. शिवाय ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा असतो. एक पाकिटावर, जो यंत्रं वाचतात; दुसरा आतल्या पत्रावर, जो आपण वाचतो. दोन्ही जुळलेच पाहिजेत असं बंधन मूळ नियमांत नाही.

पुढे यावर तीन कुलपं बसवली गेली. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं कोणती यंत्रं टपाल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकिम म्हणजे पत्रावरची गणिती सही. मजकुरात फेरफार झाला की ती जुळत नाही. आणि डीमार्क या दोन्हींची सांगड आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याशी घालतं आणि न जुळणाऱ्या पत्राचं काय करायचं तेही सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं ढिगानं मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं.

पण ठकसेन कुलूप फोडतच नाही. तो फादरच्या नावानं जीमेलवर नवं फुकट खातं उघडतो. पत्र खरोखरच जीमेलकडून आलेलं, त्यामुळे तिन्ही कुलपं खुशाल उघडतात. फोनच्या छोट्या पडद्यावर बहुतेक वेळा फक्त नाव दिसतं, पत्ता झाकलेलाच राहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता : पास्टर, रब्बी, इमाम यांच्या नावानं मेल येतो, एका गरजूसाठी गिफ्ट कार्डं घ्या आणि मागचे आकडे कळवा. ते आकडे म्हणजेच पैसे. कार्ड हातात नसलं तरी चालतं, आणि एकदा खर्च झाले की परत मिळणं जवळपास अशक्य.

धार्मिक मंडळींवरच डोळा का? गुरुजनांची नावं, फोटो, कार्यक्रम सगळं उघड्यावर असतं, हे एक कारण. पण मला खरं भगदाड वेगळंच वाटतं. फादरना किंवा महाराजांना “तुम्हीच पाठवलंत ना?” असं उलट विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. चोराला तेवढा संकोच पुरतो.

आपल्याकडे ई-मेलपेक्षा क्यूआर कोड जास्त चालतो. अयोध्येतल्या जानेवारी २०२४ च्या प्राणप्रतिष्ठेआधी मंदिराच्या नावानं देणग्या मागणारे बनावट कोड फिरत असल्याचा इशारा विश्व हिंदू परिषदेनं दिला होता. कोडमधले काळे-पांढरे चौकोन माणसाला वाचता येत नाहीत. दानपेटीजवळच्या कोडवर रात्रीतून दुसरा कागद चिकटवला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव वाचणं, एवढीच तपासणी भाविकाच्या हातात असते. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेवढीच.

कार्यालयासाठी सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र जुन्या वळणाचा आहे. खातं बदलल्याचा निरोप आला, की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. मोठ्या रकमेला दोघांची संमती घ्यायची. लॉगिनला पासवर्डसोबत दुसरी पायरी लावायची. आणि चोरी झाल्याचा संशय आला तर मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंगचे नियम पाहायचे. आलेल्या प्रत्येक पत्राची प्रत गुपचूप स्वतःकडे वळवणारा नियम चोर अनेकदा तिथे लिहून ठेवतात, आणि पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहू शकतो.