वाच, पण मान्य करू नकोस

डिसेंबर 1831 मध्ये ‘बीगल’ जहाज इंग्लंडहून निघालं, तेव्हा 22 वर्षांच्या चार्ल्स डार्विनच्या सामानात चार्ल्स लायेल यांच्या भूविज्ञानावरील ग्रंथाचा पहिला खंड होता. तो वाच, असं केंब्रिजमधले त्याचे गुरू हेन्स्लो यांनीच सुचवलं होतं. सोबत ताकीदही दिली होती: त्यातली मतं मात्र मुळीच मान्य करू नकोस!

डोंगरदऱ्या एखाद्या महाप्रलयात घडलेल्या नाहीत. पाऊस, नद्या, भूकंप, ज्वालामुखी आजही जे करतात, तेच अफाट काळ चालत राहिल्यानं घडल्या, असं लायेल सांगत होते. तेव्हाच्या अनेक जाणकारांच्या हे पचनी पडत नव्हतं.

जानेवारी 1832 मध्ये जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या केप व्हर्दे बेटांपैकी सांतियागो बेटाला लागलं. तिथल्या समुद्रकड्यात, पाण्यापासून सुमारे 45 फुटांवर, एक पांढरा आडवा पट्टा दूरवर गेलेला होता. डार्विननं जवळून पाहिलं, तर त्यात शिंपले! वर लाव्हाचा काळा थर. म्हणजे हा कधीकाळचा समुद्रतळ. त्यावर तप्त लाव्हा पसरला आणि पुढे सगळंच वर उचललं गेलं. लायेलचं म्हणणं इथे समोरच्या खडकात ताडून पाहता येत होतं. 1835 मध्ये चिलीतल्या भूकंपानंतर तर किनाराच उचलला गेलेला आणि खडकांना चिकटलेले शिंपले पाण्याबाहेर मरून पडलेले त्यानं पाहिले.

गुरूच्या ताकिदीमुळे त्यानं पुस्तक मिटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि पुढे तो लायेलच्याही मागे डोळे झाकून गेला नाही. दुसऱ्या खंडात लायेलनी सजीवांच्या जाती बदलतात या विचाराविरुद्ध युक्तिवाद केला होता. तिथे डार्विननं स्वतःची वाट धरली.

असं वाचणं सोपं नसतं. आपल्या समजुतीला दुजोरा देणारं मन चटकन टिपतं, उलट जाणारं नकळत गळून जातं. मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी 1960 मध्ये लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितला. त्यासाठी स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे; ते नियमात बसतात की नाही, एवढंच त्यांना कळे. नियम साधा होता: आकडे चढते हवेत. पण अनेकांनी ‘दोन-दोननं वाढ’ असं मनात धरून त्याला जुळणारेच आकडे तपासले आणि ते फसले.

डार्विननं आपल्यापुरता यावर उपाय काढला होता. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात किंवा निरीक्षणात आली, की तो ती लगेच लिहून ठेवी. अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात, हा त्याचा अनुभव होता. 1859 च्या त्याच्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात आपल्याच उत्क्रांतीच्या सिद्धांतापुढच्या अडचणींवर एक आख्खं प्रकरण आहे.