पंचाहत्तर टक्के उजेड कुठे जातो?

ठाण्यात मंडळाच्या शेडमध्ये किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर कॅरमचा पट मांडला की पहिली आठवण होते बोरिक पावडरची. ती निव्वळ बोरिक ॲसिडची असेल तर पाचेक ग्रॅम बाजूला काढा. तिच्यात फ्लुओरेसीन नावाचा पिवळा रंग मिसळा, अगदी नावापुरता, मिलिग्रॅमभर. परीक्षानळीत मंद आचेवर तापवलं की १७० अंशांच्या आसपास पावडर पाणी सोडत वितळते. बुडबुडे ओसरले की आच बंद करा आणि तो काचेसारखा रस निवू द्या. अंधारात त्यावर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारून बंद करा. टॉर्च विझल्यावरही गोळा क्षणभर तेवत राहतो. हेच फ्लुओरेसीन पाण्यात घातलं तर टॉर्चबरोबरच विझतं. (प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून करा. स्वयंपाकाचं भांडं मुळीच वापरू नका.)

रेणू दोन्हीकडे तोच आहे. बोरिक काचेत तो जखडलेला असतो आणि त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही, एवढाच फरक. हा रेंगाळणारा उजेड रेणूच्या ट्रिप्लेट नावाच्या उत्तेजित अवस्थेतून येतो, हे १९४४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी मांडलं. ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थातून विजेवर प्रकाश देणाऱ्या पडद्यासाठी पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) बनवणाऱ्यांची सगळी डोकेदुखी याच अवस्थेची आहे.

वीज सोडली की पॉलिमरच्या थरात एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. दोघे भेटले की उत्तेजित जोडी तयार होते. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण; जोडीतले दोन स्पिन एकमेकांशी चार प्रकारे जुळू शकतात. त्यातला एक प्रकार सिंगलेट, उरलेले तीन ट्रिप्लेट. म्हणजे २५ टक्के जोड्या सिंगलेट आणि ७५ टक्के ट्रिप्लेट. पॉलिमरमध्ये हे प्रमाण जरा वेगळं असू शकतं का, यावर बरीच वर्षं वाद झाला, पण ट्रिप्लेट नसतातच असं कोणी म्हटलं नाही. सिंगलेट नॅनोसेकंदात प्रकाश देऊन मोकळा होतो. ट्रिप्लेटला खाली यायचं तर स्पिन उलटवावा लागतो, आणि नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळीत ते जवळपास होतच नाही. तो मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद तसाच राहतो, साखळीवरून भटकतो, आणि कुठेतरी दोषाच्या जागी उष्णता होऊन संपतो. १९९० मध्ये केंब्रिजला पीपीव्ही या पॉलिमरमधून पहिल्यांदा विजेवर प्रकाश मिळाला, तेव्हा हा तीन-चतुर्थांश वाटा असाच वाया जात होता.

पहिला उपाय जड धातूचा. इरिडियम किंवा प्लॅटिनमसारख्या जड अणूजवळ इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षा एकमेकांत गुंततात, त्यामुळे ट्रिप्लेट एखाद्या मायक्रोसेकंदात प्रकाश देतो. बाल्डो, थॉम्प्सन आणि फॉरेस्ट यांच्या गटाने १९९८ मध्ये प्लॅटिनमवर आणि पुढच्याच वर्षी इरिडियमवर हे करून दाखवलं. मग इरिडियमचं संयुग पॉलिमरमध्ये मिसळलं की झालं, असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

ट्रिप्लेट उताराच्या दिशेने धावतो. हिरवा प्रकाश देणाऱ्या इरिडियम संयुगाची ट्रिप्लेट ऊर्जा सुमारे २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) आहे. निळा प्रकाश देणाऱ्या पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरची सिंगलेट ऊर्जा चांगली २.९ असते, पण ट्रिप्लेट २.१ च्या आसपास. संयुग्मित, म्हणजे एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून असलेल्या साखळ्यांत हे अंतर साधारण ०.७-०.८ भरतंच. म्हणजे इरिडियमवर आलेली ऊर्जा परत पॉलिमरवर घसरते आणि दिवा मंद पडतो. लाल इरिडियम संयुगाची पातळी २ च्या आसपास असल्याने तेच पॉलिफ्लुओरीन त्याला चालतं. हिरव्यासाठी पीव्हीके हे पॉलिमर घ्यावं, त्याची ट्रिप्लेट पातळी ३ च्या घरात आहे. आमच्या मते पॉलिमर निवडताना चमक किंवा रंग पाहण्याआधी ही एक संख्या पाहावी. ती न पाहता वर्षभर संश्लेषण करण्यात अर्थ नाही.

हिरव्या दिव्यासाठी चालणारं एक मिश्रण असं: वजनाने पीव्हीके ६५ भाग, इलेक्ट्रॉन वाहून नेणारं ओएक्सडी-७ ३० भाग, इरिडियम संयुग ५ भाग. पीव्हीके होल नेतं, इलेक्ट्रॉन नीट नेत नाही, म्हणून मधला घटक लागतो. क्लोरोबेन्झीनमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅम विरघळवून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. काचेवर टाकून मिनिटाला २००० फेऱ्यांवर ६० सेकंद फिरवलं की शंभरेक नॅनोमीटरपर्यंतचा थर मिळतो. इरिडियम एक टक्क्याखाली गेलं तर ऊर्जा पीव्हीकेवरच अडकते आणि हिरव्यात जांभळट छटा दिसते. दहाच्या वर गेलं तर रेणू एकमेकांना खेटतात आणि ट्रिप्लेट ट्रिप्लेटवर आदळून विझतात. प्रवाह वाढवल्यावर कार्यक्षमता का घसरते, त्याचंही मोठं कारण हेच.

दुसरा उपाय धातूविना. ट्रिप्लेट आणि सिंगलेट यांच्यातली दरी ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आणली की खोलीच्या उष्णतेवर ट्रिप्लेट वर चढून सिंगलेट होतो आणि तिथून प्रकाश देतो. क्युशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये हे फार प्रभावीपणे दाखवलं. बोरिक काचेतल्या फ्लुओरेसीनच्या उजेडातला एक भाग याच वाटेने येतो. पॉलिमरमध्ये अडचण अशी की लांब संयुग्मित साखळी ट्रिप्लेटला खाली खेचते. म्हणून साखळी मध्येमध्ये तोडावी लागते, किंवा प्रकाश देणारा भाग बाजूच्या फांदीवर टांगावा लागतो.

या सगळ्यावर पाणी फिरवतो तो ऑक्सिजन. त्याची मूळ अवस्थाच ट्रिप्लेट आहे. आपल्या ट्रिप्लेटची ऊर्जा तो सहज घेतो, सिंगलेट ऑक्सिजन होतो आणि पीपीव्हीसारख्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो. म्हणून थर बनवायची बंद पेटी नायट्रोजनची, ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही १ पीपीएमखाली (दहा लाखांत एका भागाहून कमी). ठाणे-बेलापूर पट्ट्यात खाडीकाठी पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, तेव्हा पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरचा खालचा थर ओलावा शोषतो. तो १२० ते १५० अंशांवर पंधरा मिनिटं भाजून गरम असतानाच पेटीत न्यावा. बाहेर ठेवून चहाला गेलात तर दिव्यावर काळे ठिपके पडायची सोय झाली. पॉलिमरच्या संश्लेषणात उत्प्रेरक म्हणून वापरलेलं आणि मागे राहिलेलं पॅलेडियमही ट्रिप्लेट गिळतं, ते सोडियम डायएथिलडायथायोकार्बामेटच्या द्रावणाने धुऊन काढावं.

थर बनवण्याआधी एक तपासणी मात्र करावीच. इरिडियम संयुगाचं टोल्यूइनमधलं पातळ द्रावण उघड्या बाटलीत टॉर्चखाली धरा, हिरवा रंग अगदी फिका दिसेल. मग बारीक नळीने वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडा, बूच लावा आणि पुन्हा टॉर्च मारा. आता बाटली झगझगते. बूच काढून हलवली की काही क्षणांत पुन्हा मंद. अल्कोहोलमधल्या हळदीच्या द्रावणावर हेच करून बघा, डोळ्यांना काहीच फरक दिसणार नाही, कारण तिथला प्रकाश सिंगलेटचा आहे.