नाशकात प्रोजेक्टसाठी झाडं तोडायची नोटीस लागली तर हरकत कशी घ्यायची

2025 च्या नोव्हेंबरात नाशिकच्या तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडांवर खुणा पडल्या तेव्हा बरेच जण विचारत होते की आपण सामान्य माणसं, आपल्याला हरकत घेता येते का. येते. झाड तुमच्या दारातलं असायला हवं असं काही नाही, घरपट्टीची पावतीही लागत नाही. कुंभमेळ्याची, रस्ता रुंदीकरणाची कामं अजून चालूच राहणार, म्हणून नीट लिहून ठेवतेय.

शहरातल्या झाडांना 1975 चा महाराष्ट्राचा झाडं जतनाचा कायदा लागू आहे. त्यात महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं आणि तोडायची परवानगी तेच देतं, काम सरकारी असलं तरी. परवानगीआधी पेपरात जाहिरात आणि झाडावर दिसेल अशी नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत त्या नोटिशीतच लिहिलेली असते, बहुतेक वेळा 7 दिवस, त्यात शनिवार-रविवार आले की हातात फार काही उरत नाही. म्हणून नोटीस दिसली की आधी फोटो काढा, तारीख वाचता येईल असा.

आता अर्ज. साधा कागद चालतो, वृक्ष अधिकारी, उद्यान विभाग, नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन असं लिहायचं, नोटिशीचा नंबर नि तारीख वर, खाली नाव, पत्ता, फोन, सही. सोबत नोटिशीचा फोटो, जाहिरातीचं कात्रण आणि झाडांचे फोटो. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, त्याशिवाय काउंटर सोडू नका. मी एकदा एका कामात नुसता मेल केला होता, सुनावणीच्या वेळी तो कुणालाच सापडला नाही, आणि झाडं गेली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय लिहायचं. "झाडं वाचवा" एवढंच लिहिलं तर उत्तर द्यायला काही उरतच नाही. प्रत्येक झाडाचा नंबर घ्या, छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर टेपने मोजा, जात लिहा. 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची असतात, त्यामुळे कागदावर वय कमी दाखवलंय का हे बघाच. वड, पिंपळ, उंबर असेल, घरटी असतील तर फोटोसकट. रस्ता थोडा सरकवून झाड वाचतं का, पुनर्रोपण जमेल का, नवी झाडं नेमकी कुठल्या जागेवर लावणार, हे प्रश्न म्हणूनच विचारा. शेवटी "प्रत्यक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य टाकाच.

प्रस्तावाचे कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपये फी, उत्तराला 30 दिवस. मागायचं काय, तर मूळ अर्ज, पाहणी अहवाल, झाडांची यादी आणि प्राधिकरणाच्या बैठकीचं इतिवृत्त.

आणि परवानगी मिळाली तरी लगेच कुऱ्हाड चालवता येत नाही, कायद्यात मधे 15 दिवस ठेवलेत. त्या दिवसांत परवानगीवर हरकत आली तर प्रकरण पुन्हा प्राधिकरणापुढे जातं, हरकत घेणाऱ्याचं ऐकून दोन आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो. म्हणजे पहिली मुदत हुकली असली तरी परवानगीची तारीख शोधून काढा आणि तोच अर्ज पुन्हा द्या.