दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात का? परदेशी स्थायिक होणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

उत्तर आधीच देतो: नाही. राज्यघटनेचं कलम 9 आणि नागरिकत्व कायदा, 1955 चंही कलम 9, दोन्हीकडे हेच आहे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. तुम्ही कोणाला कळवा किंवा नका कळवू, पासपोर्टची मुदत शिल्लक असो वा नसो.

यावर हमखास ऐकू येतं, "पण अमेरिका चालवून घेते की!" घेते. ऑस्ट्रेलिया 2002 पासून घेते, आणि 27 जून 2024 पासून जर्मनीसुद्धा. पण ते त्यांच्या बाजूचं झालं. इथे दोन्ही देशांचा होकार लागतो, आणि आपला देश होकार देत नाही.

याच्या उलट, उगाच घाबरून येणारेही असतात. ग्रीन कार्ड किंवा कॅनडाचं पीआर मिळालं म्हणजे भारतीय नागरिकत्व गेलं, असं नाही. तो फक्त तिथे कायम राहण्याचा परवाना. त्यावर वीस वर्षं काढलीत तरी तुम्ही भारतीयच, आणि पासपोर्टची मुदत संपली की तिथल्या भारतीय वकिलातीकडून नवा मिळतो. नागरिकत्व बदलतं ते तिकडची शपथ घेतल्यावर. शपथेनंतर नागरिकत्वाचं जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर जी तारीख असेल, ती लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर मोजलं जातं.

घोळ होतो तो इथे

समजा, मुलाने अमेरिकेत शपथ घेतली. तिकडचा पासपोर्ट यायला अवकाश आहे, इकडे चुलत बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि हातातल्या भारतीय पासपोर्टवर 2031 ची मुदत. मग तो त्यावरच नाशिकला येतो. पुस्तिका खरी असते, विमानतळावर सहसा कोणी विचारत नाही. लग्न पार पडतं, मुलगा परत जातो. दोन वर्षांनी आईवडील आमच्याकडे येतात: "ओसीआय करून द्या, डिसेंबरची तिकिटं काढून झालीत." ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. त्यासाठी आम्ही सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र, मागतो आणि गाडी तिथेच अडते.

शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा पासपोर्ट कायदा, 1967 खाली गुन्हा आहे. व्यवहारात बहुतेकांचं दंडावर भागतं, आणि तो दंड अशा किती खेपा झाल्या त्यावर वाढत जातो. जुन्या पासपोर्टवरचे शिक्के आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची तारीख समोरासमोर ठेवली की सगळं उघड होतं. आम्ही लपवू शकत नाही आणि लपवणारही नाही.

क्रम सोपा आहे. शपथ झाली की भारतीय पासपोर्ट बाजूला ठेवायचा, तिकडचा पासपोर्ट हातात आला की लगेच तिथल्या भारतीय वकिलातीकडे सरेंडरचा अर्ज करायचा, प्रमाणपत्र मिळालं की मग ओसीआय. घाईचं कार्य निघालं तर परदेशी पासपोर्टवर व्हिसा काढून यायचं. रद्दचा शिक्का मारून परत आलेला जुना पासपोर्ट फेकू नका. तुम्ही मूळचे भारतीय असल्याचा तोच सर्वांत सरळ पुरावा.

"हरवला म्हणून सांगितलं तर?" असं विचारणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो. खोटी पोलीस तक्रार हे आमच्या कामात बसत नाही. आणखी एक. पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते हे खरं, पण तिथे काकांची ओळख असून उपयोग नाही. तिथे फक्त छपाई होते.

लहान मुलांचं तर सगळेच विसरतात. आईवडिलांबरोबर मुलांनाही तिकडचं नागरिकत्व मिळालं असेल, तर त्यांचाही भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. चौघांच्या घरातून दोघांचीच प्रमाणपत्रं आली की फाइल पुन्हा मागे जाते.

ओसीआयने काय मिळतं

2005 च्या दुरुस्तीनंतर ही सोय सुरू झाली, तेव्हापासून लोक तिला दुहेरी नागरिकत्व समजतात. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. केव्हाही या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंदणीची कटकट नाही, फ्लॅट घ्या, विका. मतदान मात्र नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरीही सर्वसाधारणपणे नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण असल्या कामांना वेगळी परवानगी लागते.

आपल्या जिल्ह्यात खरा प्रश्न जमिनीचा. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या ग्राहकांनी हे नीट वाचावं. ओसीआयधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. बक्षीसपत्राने घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळते आणि सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. म्हणजे "द्राक्षबाग आत्ताच पोराच्या नावावर बक्षीस करून टाकतो" हा बेत चुकीचा, मृत्युपत्र करून ठेवणं बरोबर. आणि हा नियम परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही तसाच आहे, त्यामुळे केवळ बागेपायी परदेशी नागरिकत्व टाळण्यात अर्थ नाही. टाळायचंच असेल तर मतदानासाठी टाळा, आमचं त्याला दुमत नाही.

नावाचंही बघा. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिकडच्या प्रमाणपत्रात ते गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी गुंता. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची प्रतिज्ञापत्रं आधीच तयार असली की काम सुरळीत होतं. हे मसुदे आम्ही बनवून देतो.

आम्ही सगळ्या कागदांच्या प्रती पाहिल्याशिवाय पैसे घेत नाही आणि अर्जही भरत नाही. काहींना हा हटवादीपणा वाटतो. व्हॉट्सॲपवरच्या अर्धवट फोटोवरून फाइल उघडणारे शहरात आहेत, स्वस्तही आहेत. त्यांच्याकडून परत आलेले अर्ज दुरुस्त करण्यात आमचा बराच वेळ जातो, आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो, हेही सांगून ठेवतो.

आमचं ऑफिस कॅनडा कॉर्नरला आहे. (फक्त कॅनडाचंच काम करता का, असं रोज कोणीतरी विचारतं. नाही, सगळ्या देशांचं करतो.) पहिली भेट मोफत. मूळ कागद तुमच्याजवळच राहू द्या. येताना घरातल्या प्रत्येकाचे आजवरचे सगळे पासपोर्ट, नागरिकत्वाची प्रमाणपत्रं आणि विवाहाचा दाखला यांच्या प्रती आणा. मुलं परदेशात असतील तर आधी त्यांना फोन करून शपथेची तारीख विचारून घ्या. तिकिटं मात्र अजून काढू नका.