ब्रह्मगिरी फेरी

ब्रह्मगिरी फेरी (ब्रह्मगिरी प्रदक्षिणा) : नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथून निघून ब्रह्मगिरी डोंगराला पायी वळसा घालून पुन्हा गावात परतण्याची प्रथा. नाशिककर नुसते ‘फेरी’ म्हणतात. श्रावणात ‘यंदा फेरीला येणार का?’ असे विचारले की कुठली फेरी, हे सांगावे लागत नाही. नेहमीची फेरी सुमारे 20 किलोमीटरांची असून तिला सहा ते आठ तास लागतात. मोठी फेरी जवळपास दुप्पट लांबीची. ती करणारे थोडेच.

ब्रह्मगिरी सुमारे 1,300 मीटर उंच आहे. फेरी म्हणजे त्यावर चढणे नव्हे, हा घोटाळा नवखे नेहमी करतात. माथ्यावरचे जटामंदिर आणि गंगाद्वाराच्या पायऱ्या ही वेगळी यात्रा. फेरीची वाट पायथ्याने जाते, डोंगर सतत उजव्या हाताला ठेवून.

कथेप्रमाणे गोहत्येचा दोष जावा म्हणून गौतम ऋषींनी येथे तप केले, शंकराने गंगा दिली आणि गौतमांनी ती कुशाने म्हणजे दर्भाने अडवली. तेच कुशावर्त तीर्थ. ज्ञानदेवांच्या घराण्याशी जोडलेली कथा फेरीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. विठ्ठलपंत बायकामुलांसह त्र्यंबकास राहिले असता मध्यरात्री कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत. एका रात्री वाघ आडवा आला, पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ बसले होते; त्यांनीच त्याला दीक्षा दिली. कथा शब्दशः खरी माना किंवा मानू नका, संतचरित्रे सांगणाऱ्यांना ही प्रदक्षिणा जुनी आणि सर्वांना ठाऊक वाटत होती, एवढे तिच्यावरून दिसते. निवृत्तिनाथांची समाधीही (1297) त्र्यंबकातच आहे. गावातले काळ्या पाषाणाचे ज्योतिर्लिंगाचे मंदिर मात्र आजच्या रूपात पेशवाईतले, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले. डोंगर स्वतः किल्लाही आहे. इंग्रजांनी तो 1818 मध्ये घेतला.

वाट कुशावर्तावरून निघते. प्रयागतीर्थ, पेगलवाडी करत ती दक्षिणेकडे पहिन्याला येते. इथवर गाव, रस्ता, दुकाने यांची सोबत असते. पुढे भातखाचरे आणि झाडी. पश्चिमेला वैतरणेच्या उगमाकडचा मुलूख लागतो. मग धाडोशी, सापगाव, आणि गणपतबारीवरून परत त्र्यंबक. मधली वस्ती मुख्यतः महादेव कोळी, ठाकर, कोकणा या आदिवासी समाजांची. पिके भात, नागली, वरई. रानात ऐन, मोह, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या आणि उतारांवर कारवी.

या फेरीची खरी गंमत पाण्यात आहे, आणि ती रात्री चालणाऱ्यांना दिसत नाही. ब्रह्मगिरीच्या पूर्वेला पडलेला पाऊस गोदावरीत जाऊन 1,465 किलोमीटरांवर बंगालच्या उपसागराला मिळतो. पाठीमागचा पाऊस वैतरणेतून अरबी समुद्राला. मुंबईला पिण्याचे पाणी देणारी काही मोठी धरणे याच वैतरणेवर आहेत. फेरी करणारा या दोन खोऱ्यांमधली सीमा निदान दोनदा ओलांडतो. तिथे पाटी नाही, तीर्थ नाही. पायाखालचा ओहोळ उलट्या दिशेने वाहू लागला की समजायचे.

एरवी ही वाट ओस असते. श्रावणी सोमवारी ती भरते आणि तिसऱ्या सोमवारी माणसांच्या लोटाने तुंबते. लाखांनी लोक येतात. बहुतेक जण रविवारी रात्रीच निघतात. नाशिकहून एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात. पाऊस धो धो, धुके, अंगावर प्लास्टिकचा कागद, हातात बॅटरी आणि मागून पुढून ‘बम बम भोले’. कितीतरी जण अनवाणी असतात. उरलेल्यांपैकी पुष्कळांवर चिखल ती वेळ आणतो. खाचराच्या बांधावर चप्पल रुतते, ओढली की अंगठा तुटतो, मग दोन्ही चपला सुतळीने बांधून गळ्यात अडकवायच्या आणि बोटे चिखलात रोवत पुढे सरकायचे. वाटेत जागोजागी चहा, साबुदाण्याची खिचडी, केळी. कुठे विकत, कुठे मंडळांनी फुकट वाटलेली.

अलीकडे वाटेच्या काही भागावर डांबर व काँक्रीट आले आहे. म्हाताऱ्यांची सोय झाली हे खरे. अनवाणी पायांना मात्र खडी चिखलापेक्षा जाचते. डोंगर पोखरण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. पायथ्याशी उत्खनन होत असल्याच्या तक्रारींवरून 2021 च्या सुमारास पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला होता. झरे आटतील, ही त्यांची मुख्य भीती.

फेरी कुशावर्तावर संपते. पाय धुऊन काही जण दर्शनाच्या रांगेला लागतात. रांग पाहून बरेचसे कळसालाच हात जोडतात आणि थेट बसस्थानक गाठतात. सोमवारी सकाळी नाशिककडे निघालेल्या गाडीत कंडक्टरला तिकिटासाठी प्रवाशांना हलवून जागे करावे लागते.